उगारलेला हात, मागे घेतलेले पाऊल
वैराची आणि ठामपणाची देहबोली लेखनात : सातारा-सांगलीच्या आधारे एक प्रस्तावना

वैराची देहबोली म्हणजे शरीराने दिलेली धमकी. ठामपणाची देहबोली म्हणजे शरीराने न सोडलेली जागा. पहिलीत माणूस दुसऱ्याच्या अंगावर येतो, किंवा त्याला आपल्या अंगाजवळ येऊ देत नाही. दुसरीत तो आहे तिथून हलत नाही. समोर उभ्या असलेल्याला दोन्हींतला फरक निमिषात कळतो. कागदावर तो कळवायचा तर लिहिणाऱ्याला निवड करावी लागते : डोळे सांगायचे की खांदे, आधी मूठ की आधी पाऊल, आणि किती सांगून थांबायचे. इंग्रजीत लेखन शिकवणाऱ्या पुस्तकांत यासाठी अवयवांच्या याद्या सापडतात. आवळलेला जबडा, फुगलेल्या नाकपुड्या, छातीवर बांधलेले हात, रोखलेले बोट. या याद्या नवशिक्याला हाताशी धरायला बऱ्या असतात, पण त्यांत मुख्य गोष्टच नसते. मूठ कुणाकडे वळली, कुणाच्या देखत वळली आणि त्या दोघांत किती अंतर होते, हे यादी सांगत नाही. आणि वैर तर त्या अंतरातच असते.

सातारा आणि सांगली हा मुलूख या विषयाच्या अभ्यासाला फार सोयीचा आहे. १९४९ साली सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. त्याआधीचा बराचसा इतिहास दोघांचा एकच. मराठी रंगभूमीचा आरंभ इथला, कुस्तीचे फड इथले, ‘फकिरा’ आणि ‘बनगरवाडी’ इथल्या, आणि इंग्रजी गद्यात वैराच्या देहबोलीचे जे सर्वांत अचूक वर्णन एका भारतीय लेखकाने केले, तो प्रसंगही सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा रेल्वे स्टेशनवर घडलेला आहे.

शरीराच्या भाषेचे शास्त्र आपल्याकडे नटाच्या गरजेतून आले. भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार पाडले, केवळ नजरेचे ३६ भेद मोजले, आणि रौद्र रसाचा स्थायीभाव क्रोध ठरवून त्याच्या खुणा दिल्या : तांबारलेले डोळे, चढलेल्या भुवया, चावलेला ओठ. सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ रोजी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा याच खुणा ठळक होऊन प्रेक्षकांसमोर आल्या. त्या नाटकांत कथा सूत्रधार गात असे. पात्रांच्या वाट्याला सोंग, हालचाल आणि ऐनवेळी सुचलेले बोलणे. राक्षसपार्टी ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकत, तलवार परजत येई. मशालींच्या उजेडात, शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे तर राग मोठाच असावा लागतो. मराठी गद्याने पुढे जे दात-ओठ खाणे, डोळे वटारणे, थरथर कापणे वारशाने घेतले, ते बरेचसे या रंगभूमीच्या मापाचे आहे. पुस्तक वाचणारा मात्र पानापासून हातभर अंतरावर बसलेला असतो. त्याच्यासमोर राक्षसपार्टी उभी केली की तो घाबरत नाही, कंटाळतो.

रंगभूमीनंतर विज्ञानाने हा प्रश्न हाती घेतला. चार्ल्स डार्विनने १८६७ च्या सुमारास जगभरच्या ओळखीच्या लोकांना एक प्रश्नावली धाडली. त्यातल्या एका प्रश्नाचा आशय असा, की माणूस संतापला किंवा आव्हान देऊ लागला की तो कपाळाला आठ्या घालतो का, अंग आणि मान ताठ करतो का, खांदे रुंदावतो का, मुठी आवळतो का. उत्तरे जमवून त्याने १८७२ साली भावनांच्या आविष्कारावरचे आपले पुस्तक छापले. त्यात मुंबई इलाख्यातल्या अहमदनगर जिल्ह्यात राहिलेल्या अर्स्किन नावाच्या गृहस्थाचा उल्लेख आहे. त्याने तिथल्या लोकांचे चेहरे न्याहाळले, पण खात्रीने काही सांगणे त्याला जड गेले, कारण युरोपीय माणसासमोर हे लोक सगळ्या भावना नेहमीच झाकून ठेवतात, असे त्याने कळवले. डार्विनने ही अडचण प्रामाणिकपणे नोंदवली आणि तो पुढे गेला. या विषयाच्या दृष्टीने मात्र त्या पुस्तकातल्या भारताविषयीच्या नोंदींत हीच सर्वांत मोलाची आहे. साहेबासमोर कपाळाला आठी न घालणे ही स्वभावाची थंडाई नव्हती. आठी घातल्याची किंमत ठाऊक असलेल्या माणसांनी चेहऱ्याला घातलेला तो लगाम होता. निर्विकार चेहरा हेही देहबोलीचे वाक्यच असते, आणि ते वाचायला समोरच्याचा हुद्दा माहीत असावा लागतो.

चाळीसएक वर्षांनी एका इंग्रज लेखणीने त्याच लोकांचे चेहरे उघडे पाहिले. सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली सरकारने त्याच्यावर बंदी घातली. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे भारत, हे प्रेक्षकांना कुणी सांगावे लागले नाही. लंडनच्या ‘टाइम्स’ने या नाटकाविषयी छापलेला मजकूर व्हॅलेंटाइन चिरोलने १९१० च्या आपल्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात उतरवून घेतला आहे. त्यात रंगमंचावरच्या भीमाइतकेच लक्ष प्रेक्षागृहाकडे आहे : कीचकाचे चाळे पाहताना पुरुषांचे ताणलेले, आठ्या पडलेले चेहरे, द्रौपदीची विनवणी ऐकताना बायकांचे चमकणारे डोळे, आणि कीचक मारला जातो तेव्हा साऱ्या प्रेक्षागृहातून उठणारा समाधानाचा खोल हुंकार. मजकूर शत्रुत्वाने लिहिला आहे, पण निरीक्षण पक्के आहे. अर्स्किनला जे दिसले नाही ते याला का दिसले? कारण प्रेक्षक साहेबाकडे पाहत नव्हते. ते कीचकाकडे पाहत होते. वैर तेच होते. ते ज्याच्याकडे वळले तो बदलला, आणि त्यामुळे चेहऱ्यावरचा लगाम सुटला.

कायद्याच्या इंग्रजीने ही गोष्ट फार आधी आणि फार थोडक्यात लिहून ठेवली होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेतले कलम ३५१ हल्ल्याची व्याख्या करते, आणि त्यासाठी स्पर्शाची अट घालत नाही. हावभाव किंवा तयारी अशी असावी, की हजर असलेल्या माणसाला आता आपल्यावर बळाचा वापर होणार अशी भीती वाटेल, तेवढे पुरे. कलमाखाली तीन उदाहरणे दिली आहेत. पहिल्यात एक जण दुसऱ्यावर मूठ उगारतो. दुसऱ्यात एक जण चावऱ्या कुत्र्याची मुसकी सोडू लागतो. तिसऱ्यात एक जण काठी उचलतो आणि तुला झोडपतो असे म्हणतो. जोडीला खुलासा असा, की नुसते शब्द म्हणजे हल्ला नव्हे, पण शब्दांमुळे हावभावाला तो अर्थ येऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच व्याख्या कलम १३० मध्ये आली आहे. ललित लेखन करणाऱ्यानेही हे कलम एकदा वाचावे. कुत्र्याच्या उदाहरणात रागाचा एकही शब्द नाही, चेहराही नाही. बोटे मुसकीच्या गाठीवर आहेत, समोर एक माणूस उभा आहे, आणि वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

हाच कायदा पोलीस ठाण्यात उतरतो तेव्हा मात्र चित्र पुसले जाते. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, वाटेवरून होणाऱ्या भांडणांच्या फिर्यादी ठरलेल्या साच्यात लिहिल्या जातात : सदर इसमाने शिवीगाळ व दमदाटी केली, अंगावर धावून आला, लाथाबुक्क्यांनी मारहाण केली, जिवे मारण्याची धमकी दिली. कायद्याचे कलम बसवायला हे शब्द उपयोगी असतात. मात्र धावून आलेला माणूस बांधाच्या अलीकडे थांबला की पलीकडे आला, त्याच्या हातात खुरपे आधीपासून होते की भांडण वाढल्यावर त्याने ते उचलले, हे त्यांत हरवते. न्यायाधीशाला मात्र कायद्यानेच डोळे उघडे ठेवायला सांगितले आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश १८, नियम १२ प्रमाणे साक्षीदाराच्या वागणुकीविषयी आपले निरीक्षण न्यायालय नोंदवू शकते.

आरंभी उल्लेखलेला प्रसंग घडला ते मसूर हे कराड तालुक्यातले स्टेशन. १९०१ सालची गोष्ट. साताऱ्यात राहणारी चार मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांना भेटायला निघाली. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. मुलांपैकी एक नऊ-दहा वर्षांचा भीमराव आंबेडकर. साधारण १९३५-३६ च्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इंग्रजीत काही आठवणी लिहिल्या. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने ते छोटे पुस्तक पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली प्रसिद्ध केले. त्यातली पहिली आठवण मसूरची आहे.

मुले नटूनथटून निघालेली आहेत. इंग्रजी पद्धतीचे सदरे, झगमगीत टोप्या. गाडी निघून जाते, उतारू पांगतात, न्यायला कुणीच आलेले नसते. स्टेशनमास्तर जवळ येऊन विचारपूस करतो. त्याच्या वागण्यात कळवळा आहे. कपड्यांवरून त्याने मुलांना ब्राह्मणांची समजले आहे. मग तो विचारतो, तुम्ही कोण? आणि भीमराव क्षणाचाही विचार न करता सांगून टाकतो की आम्ही महार आहोत. यापुढचे वर्णन दोन-तीन वाक्यांचे आहे. मास्तर थिजतो. त्याचा चेहरा एकदम पालटतो. त्याच्या मनात किळस दाटून येते आणि तो सरळ आपल्या खोलीत निघून जातो. मुले आहेत तिथेच उभी राहतात. पंधरा-वीस मिनिटे जातात, सूर्य बुडायला येतो.

या प्रसंगात मूठ नाही, आवाज नाही, वटारलेले डोळे नाहीत. वैराची सगळी देहबोली एका पाठमोऱ्या माणसात आणि वाढलेल्या अंतरात आहे. इंग्रजीचे साधन वापरताना बाबासाहेबांनी तीन गोष्टी केल्या, आणि त्या कुणालाही शिकण्यासारख्या आहेत. त्यांनी आधी मास्तरला जवळ आणला, मायेने बोलता केला. त्यामुळे त्याचे दूर जाणे मोजता येते. त्यांनी चेहऱ्यासाठी एकच वाक्य खर्च केले आणि लगेच पायांकडे वळले. आणि त्यांनी मास्तरला खोलीत पाठवून वाचकाला मुलांबरोबर फलाटावर ठेवले. घड्याळ आणि सूर्य सोडून तिथे दुसरे काही हलत नाही. पुढे बैलगाड्यावाले यायला नकार देतात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार होतो, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार, या अटीवर. गाडीवान चिडलेला दिसत नाही. तो फक्त आपल्याच गाडीत बसत नाही. हिंसा इतक्या शांत हालचालींत राहू शकते, हे इंग्रजीत इतक्या नेमकेपणाने लिहिलेले दुसरे भारतीय उदाहरण शोधावे लागेल.

मसूरच्या नेमके उलट चित्र कुस्तीच्या फडात दिसते. तिथे वैराच्या सगळ्या खुणा आहेत आणि वैर नाही. हलगी कडाडत असते. लांग चढवलेला गडी आखाड्यात उतरतो, तांबडी माती कपाळाला लावतो, फडाला फेरी घालतो आणि शड्डू ठोकतो. पोकळ केलेला तळवा दंडावर किंवा मांडीवर असा आदळतो, की तो आवाज शेवटच्या माणसापर्यंत जातो. जोड ठरली की दोघे हात मिळवतात, मूठमूठ माती एकमेकांच्या अंगाला लावतात, म्हणजे घामाने पकड निसटू नये. मग खडाखडी सुरू होते : कपाळाला कपाळ भिडते, एकाचा हात दुसऱ्याच्या मानेवर पडतो, तो झटकला जातो, पुन्हा पडतो. नवख्या लेखकाला इथे रागाने लाल झालेले डोळे लिहिण्याचा मोह होतो. जाणता प्रेक्षक डोळ्यांकडे पाहत नाही. पैलवानाची नजर समोरच्याच्या कमरेवर आणि पायांवर असते, कारण पट काढायला तो कधी वाकेल हे चेहरा सांगत नाही. म्हणून कुस्तीचे चांगले वर्णन मान, कंबर आणि टाच यांचे असते.

याच मातीतले खाशाबा जाधव, कराडजवळच्या गोळेश्वरचे, १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकून आले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले पदक. कवठेपिरानचे मारुती माने १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आले आणि १९६४ साली हिंदकेसरी झाले. गादीवरच्या कुस्तीत शड्डू नसतो, हलगी नसते. हस्तांदोलन होते आणि शिट्टी वाजते. मातीवर जे आव्हान गावासमोर उच्चारले जाते, ते गादीवर पंचाच्या हाती सोपवलेले असते. दोन्ही ठिकाणचे गडी तेवढेच ईर्षेने लढतात. बदलतो तो साक्षीदार, आणि त्याच्याबरोबर शरीराची भाषा.

खंडाळा तालुक्यातला बोरीचा बार हे याहून टोकाचे उदाहरण. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि वाद्यांच्या गजरात एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. पदर कमरेला खोचलेले, हात नाचवत, बोटे रोखून, पुढे झेपावत; काठावर अडवून धरायला पोलीस आणि गावकरी उभे असतात. लोक सांगतात, की एका पाटलाच्या दोन बायका, एक या गावची आणि एक त्या गावची, ओढ्यावर भांडल्या आणि त्यातच गेल्या. त्यांची ही आठवण. दरवर्षी ठरल्या तिथीला, ठरल्या जागी हे घडते आणि तेवढ्यावरच संपते. एखाद्या परक्या वार्ताहराने फक्त हातवारे टिपले तर त्याच्या बातमीत दंगल उभी राहील. तिथी, ओढा आणि वाद्ये टिपली तरच बार उभा राहील. शरीराच्या खुणा दोन्ही बातम्यांत अगदी सारख्याच असतील.

या मुलखातल्या दोन मोठ्या कथाकारांनी वैर लिहिण्याच्या दोन वाटा पाडल्या. अण्णाभाऊ साठे (जन्म १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव) शाहीर होते. लाल बावटा कलापथकात त्यांनी हजारोंच्या सभांसमोर उभे राहून काम केले, आणि त्यांच्या गद्यात तो पल्ला आहे. १९५९ च्या ‘फकिरा’त माणसे गर्जतात, उसळतात, घोड्यावर मांड टाकतात. पण नुसता मोठा आवाज एवढेच त्यांचे बळ समजणे अन्यायाचे होईल. कादंबरीच्या आरंभी दुसऱ्या गावची जोगणी पळवून आणण्याच्या प्रसंगात सगळा ताण गावच्या शिवेवर येऊन ठेपतो. फकिराचा बाप राणोजी शिवेजवळ मारला जातो, आणि त्या रेघेच्या अलीकडे की पलीकडे हा प्रश्न पुढच्या पिढीचे वैर ठरवतो. अण्णाभाऊंच्या माणसांचे आवेश भडक वाटत नाहीत, कारण त्यांच्या पायाखाली नेहमी अशी एखादी हद्द असते : शीव, वाड्याची पायरी, तुरुंगाचे दार.

व्यंकटेश माडगूळकरांचा माणदेश कोरडा, तसेच त्यांचे गद्य. १९५५ च्या ‘बनगरवाडी’त कोवळ्या वयाचा मास्तर औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीत येतो. तिथे राग दिसतो तो बोलणे तुटण्यातून, शाळेकडे न फिरकण्यातून, एखाद्याने चावडीवर मास्तरकडे न पाहता बसून राहण्यातून. माडगूळकर चित्रकारही होते, आणि माणूस कसा बसला आहे हे ते एका रेषेत सांगतात. उकिडवा बसलेला, भिंतीला टेकलेला, घोंगडे पांघरून पाठ केलेला : प्रत्येक बैठकीत मास्तरविषयीचे एक मत आहे. या दोघांत एक वाट खरी आणि दुसरी खोटी असे मानणाऱ्यांनी मराठी समीक्षेत बराच काळ घालवला. गर्दीसमोरचा राग आणि चावडीवरचा राग या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्याने जो जवळून पाहिला त्याने तो लिहिला.

इंग्रजीत लिहू पाहणाऱ्या मराठी माणसाची अडचण इथे उभी राहते. इंग्रजीजवळ नजरेच्या निरनिराळ्या रागांसाठी स्वतंत्र क्रियापदे आहेत. रोखून पाहणे, खाऊ की गिळू असे पाहणे, तुच्छतेने ओठ मुडपणे यांसाठी एकेक शब्द पुरतो. त्यामुळे वाक्य छोटे होते, पण शब्दाचे काम झाले म्हणजे दृश्याचे झाले असा भासही होतो. त्याहून मोठा धोका खुणांच्या अर्थाचा. कमरेवर दोन्ही हात ठेवून उभा असलेला माणूस इंग्रजी कादंबरीत बहुधा जाब विचारायला उभा असतो. लोणंद, तरडगाव, फलटण या वाटेने ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पंढरपूरला जाते, आणि तिथे हीच मुद्रा विटेवरच्या विठ्ठलाची आहे. ती पाहून लोकांचे डोळे भरून येतात. दारात तसेच हात ठेवून उभी राहिलेली सासू मात्र या मुलखातही जाबच विचारत असते. वर केलेला अंगठा इंग्रजीत शाबासकी देतो. मराठीत तोच नाचवून दाखवला की ठेंगा होतो. कडाकडा मोडलेली बोटे इंग्रजी गोष्टीत गुंडाची असतात. इथे आजी नातवाच्या चेहऱ्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटे मोडते तेव्हा ती त्याची दृष्ट काढत असते, आणि शेजारीण शेजारणीच्या नावाने बोटे मोडते तेव्हा तळतळाट देत असते. म्हणून इंग्रजीत लिहिताना खूण लिहून थांबता येत नाही. ती कुणी, कुणासमोर, उंबऱ्याच्या कोणत्या बाजूला केली, हे त्याच वाक्यात किंवा पुढच्याच वाक्यात यावे लागते.

वस्तू फार मदत करतात. बाह्या सरसावणे, मुंडासे घट्ट करणे, धोतराचा सोगा वर खोचणे, हातातली काठी एकदाच जमिनीवर आपटणे, पायातली वहाण हातात येणे, चहाचा कप न पिता बाजूला सारणे. या हालचालींत राग असतो आणि पुढच्या क्षणाची तयारीही असते. दंड संहितेच्या उदाहरणांतली काठी आणि मुसकी याच कामासाठी आहेत. ‘रागाने’, ‘त्वेषाने’, ‘उद्धटपणे’ ही क्रियाविशेषणे गाळून पाहावीत. प्रसंग उभा राहिला तर ती नको होती, आणि कोसळला तर हालचालच चुकीची निवडली होती. ‘उद्धट’ या शब्दाबाबत अधिक सावध राहावे लागते. सत्तेच्या बाजूने लिहिणाऱ्याचा तो आवडता शब्द आहे. खाली मान घालून उभा न राहिलेला गडी पाटलाच्या तोंडी उद्धट असतो. वाड्यासमोरून पायताण घालून गेलेला माणूस उद्धट असतो. साहेब आला तरी न उठलेला शेतकरी कचेरीच्या कागदात उद्धट असतो. त्यांच्या शरीरांनी कुणालाच धमकी दिलेली नसते. त्यांनी फक्त नेहमीचे वाकणे केलेले नसते.

ठामपणाची देहबोली लिहिणे म्हणूनच अधिक अवघड. तिच्यात हालचाल कमी असते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर निशाण घेऊन निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. शासकीय भाषेत असा जमाव चाल करून येणारा असतो. गावांच्या आठवणीत त्या मोर्चाचे चालणे आहे, हातातले निशाण आहे, आणि बंदुका समोर दिसूनही न थांबलेली पावले आहेत. दोन्ही वर्णनांतली माणसे पुढेच जात आहेत. त्यांचे हात कशात गुंतले होते हे लिहिले, की पुढे जाण्याचा अर्थ ठरतो. निशाणाची काठी दोन्ही हातांनी धरलेल्या माणसाची मूठही आवळलेलीच असते.

ठामपणा बसण्यातही असतो. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांत कर्मवीर भाऊराव पाटलांनी निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली. वर्षानुवर्षे वेगळे बसवल्या गेलेल्या शरीरांनी मांडीला मांडी लावून जेवणे हीही देहबोली होती, आणि तिला विरोध करणाऱ्यांना ती आव्हानासारखीच वाटली. असे दृश्य लिहिताना चेहऱ्यांवर निर्धार चिकटवण्याची गरज नसते. कोण कुणाशेजारी बसला, ताट कुणी पुढे सरकवले, आणि पंगत उठेपर्यंत कुणी जागा सोडली का, एवढ्यात सगळे येते.

वैर ओसरताना शरीर कसे दिसते, याकडे मात्र लेखकांचे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. फिर्याद मारहाणीनंतर थांबते, बातमी गोळीबारानंतर, कथा बहुधा एका तोडून टाकणाऱ्या वाक्यानंतर. प्रत्यक्षात आवळलेली मूठ एकदम उघडत नाही. आधी वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाते, नजर समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे सरकते, हात करण्यासारखे काही शोधू लागतो : टोपी सारखी करणे, चंची सोडणे, तंबाखू मळणे. मसूरचा स्टेशनमास्तरही अखेर खोलीतून बाहेर आला आणि पुढे काय करणार असे त्याने मुलांना विचारले. गाडीवानांशी बोलायला गेला तोच, आणि दुप्पट भाड्याची तोड काढली तीही त्यानेच. बाबासाहेबांनी हेही त्याच सपाट, स्वच्छ इंग्रजीत नोंदवले आहे. किळस लिहिली तशीच ही मदतही, एकीने दुसरी पुसली जाऊ न देता.